शाखा वाढल्या, मिसळ बिघडली : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच तक्रार फिरून फिरून आली, की आधी चांगलं असलेलं हॉटेल चेन झालं आणि बिघडलं. त्यातली चार पत्रं घेतली आहेत. हॉटेलांची नावं छापलेली नाहीत आणि पत्रं पाठवणाऱ्यांची पण नाहीत.

प्रश्न : नमस्कार. आमच्या भागात काही वर्षांपूर्वी एक छोटं हॉटेल सुरू झालं होतं, मिसळ, थालीपीठ, साबुदाणा खिचडी, ताक, बस एवढंच. मालक स्वतः गल्ल्यावर असायचा आणि आत त्याची आई थालीपीठ थापायची. आम्ही रविवारी सकाळी नंबर लावून खायचो. मग त्यांच्या शाखा झाल्या, भरपूर झाल्या, आम्हाला पण आनंद झाला की आपला मराठी माणूस पुढे जातोय. परवा सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला घरातले सगळे मिळून हायवेवरच्या त्यांच्या मोठ्या शाखेत गेलो. जागा मस्त, एसी, भिंतीवर पितळेची भांडी वगैरे. मिसळ आली तर रस्सा कोमट, वर लाल तेल आणि खाली नुसतं पाणी, मटकीचा लगदा, फरसाण आधीच ओतून मऊ झालेलं. थालीपीठ कडेला चिवट आणि मध्ये ओलं. सासरे काही बोलले नाहीत पण अर्धं थालीपीठ ताटात सोडलं, ते ताटात कधी काही टाकत नाहीत. वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, मॅडम सगळं पॅक होऊन येतं, आम्ही फक्त गरम करतो. मिस्टर म्हणतात तू जुन्या आठवणीत अडकलीयेस, चव तीच आहे. मला सांगा असं का होतं? आणि अशा वेळी करायचं तरी काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, तुमची जीभ ठणठणीत आहे आणि हे मिस्टरांना पण वाचायला द्या. कोमट रस्सा, वर तेल खाली पाणी, मटकीचा लगदा, हे आठवणींमुळे होत नाही, हे किचनमध्ये काय झालं त्यामुळे होतं. मी स्वतः हॉटेलच्या किचनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत त्यामुळे तुमचं ताट मला जवळजवळ समोर दिसतंय.

मिसळीच्या कटाचं बघा. कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं, खोबरं छान तांबूस झालं पाहिजे पण काळं नाही, त्यात आलं लसूण धने तीळ घालून वाटायचं आणि ते वाटण तेलात इतका वेळ परतायचं की कडेने तेल सुटलं पाहिजे, मग मसाला, मग गरम पाणी आणि मग मंद आचेवर उकळू द्यायचं. परतताना सुटलेलं ते तेल उकळीबरोबर वर येतं, तीच तर्री. तिचा रंग मसाल्यातल्या ब्याडगी मिरचीचा असतो आणि चव त्या सगळ्या वाटणाची असते. आता हेच काम शेकडो प्लेटचं एकदम करायचं म्हटलं की परतायला जो वेळ आणि जो हात लागतो तोच पहिला कापला जातो, वाटण परतलं जात नाही, शिजवलं जातं, त्यामुळे तेल सुटतच नाही. मग काय करतात, तर वेगळ्या भांड्यात मिरचीचं लाल तेल करून ठेवतात आणि प्लेट बाहेर जाताना वरून पळीभर सोडतात. तुम्ही लिहिलंय ना वर लाल तेल आणि खाली पाणी, ते हेच, ते तेल त्या रश्शाचं नाहीच आहे. त्यात खोबऱ्याचे भाव कुठे गेलेत ते तुम्ही किराणा भरताना बघताच, म्हणून खोबरं कमी करून दाटपणासाठी डाळीचं पीठ नाहीतर शेंगदाण्याचं कूट घालायचा मोह होतो. आणि जे खोबरं आहे ते वाटून ठेवलेलं जास्त दिवस राहिलं तर खवट होतं, घशाला जे किंचित खरखरतं ते त्या खवटपणामुळे.

मटकी तर बिचारी फार नाजूक. मोड आलेली मटकी बेताची शिजवून लगेच वाढली तर दाणा अख्खा राहतो आणि दाताखाली येतो. तीच आदल्या दिवशी शिजवली, थंड केली, पिशवीत भरली, गाडीने आणली, उकळत्या पाण्यात पिशवी टाकून गरम केली आणि नंतर बेन मरीत (म्हणजे काउंटरवरची ती गरम पाण्यात बसवलेली स्टीलची भांडी) दुपारपर्यंत ठेवली, तर लगदा होणार नाहीतर काय होणार! आणि कोमट होती हे मला चवीपेक्षा जास्त खटकलं. गरम ठेवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे, त्याच्या खाली आलं की जंतूंना वाढायला रान मोकळं, म्हणजे कोमट रस्सा हा नुसता बेचव नाही, तो पोटाचा पण प्रश्न आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला तसा रस्सा कोणी वाढू नये.

थालीपिठाचं सांगायचं तर ते अर्धवट भाजून गोठवलेलं असणार. गोठवताना आतल्या पाण्याचा बर्फ होतो, तव्यावर टाकलं की तो वितळतो आणि मध्ये ओल राहते, आणि ती ओल जाईपर्यंत कडा वाळून चिवट होतात. घाईची वेळ असेल तर मायक्रोवेव्ह, मग तर विचारूच नका. आईच्या हाताचं थालीपीठ म्हणजे ओल्या फडक्यावर थापलेलं, मध्ये भोकं पाडून त्यात तेल सोडलेलं आणि झाकण ठेवून वाफेवर भाजलेलं, ते पाच-सात मिनिटं मागतं आणि तव्याजवळ उभा राहणारा एक माणूस मागतं.

आता असं का होतं. लोक म्हणतात पैसा आला आणि नियत बदलली. मला तसं सरसकट वाटत नाही. पहिलं दुकान चालतं कारण मालक सकाळी स्वतः कट चाखतो आणि नाही जमला तर पातेलं ओतून देतो, त्याला कोणाला विचारायचं नसतं, नुकसान त्याचंच आणि नावही त्याचंच. दुसरं दुकान भाऊ नाहीतर मेहुणा बघतो तोपर्यंत पण ठीक चालतं. पाचव्या-सहाव्या शाखेला घरातली माणसं संपतात. मग आचारी सोडून जातात, कोणी तिखट करतो कोणी अळणी, गिऱ्हाईक तक्रार करतं की त्या शाखेसारखी चव इथे नाही, म्हणून सेंट्रल किचन काढतात, म्हणजे सगळ्या शाखांचं जेवण एकाच जागी करून पाठवायचं. इथपर्यंत मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही, सगळीकडे एकसारखी चव मिळावी म्हणूनच ते केलेलं असतं. गडबड पुढे आहे. आता शाखेत जो माणूस उभा आहे त्याच्या हातात पिशवी फोडायची कात्री आहे फक्त. त्याला रस्सा बिघडलेला कळला तरी ओतून द्यायचा अधिकार नाही, कारण किती पिशव्या आल्या आणि किती प्लेटा विकल्या याचा हिशेब रात्री संगणकावर जुळवायचा असतो आणि वेस्टेज जास्त दिसलं की त्याचीच हजेरी घेतली जाते. चाखणारा आणि फेकून द्यायची हिंमत असलेला माणूस त्या जागेवर उरलाच नाही, आणि माझ्या मते चव तिथेच जाते. शाखा पाच असोत की पन्नास.

आणि सेंट्रल किचन म्हणजे वाईटच असं अजिबात म्हणायचं नाही मला. मॅकडोनाल्ड्सने भारतात पहिलं दुकान १९९६ मध्ये उघडलं पण त्याच्या आधी कित्येक वर्षं ते भाजी कुठून आणायची, गाडीत थंड कशी ठेवायची याचीच व्यवस्था लावत होते, आणि मेन्यू असा धरला की जो गोठवून तळला तरी फार बिघडत नाही. म्हणजे पदार्थ पद्धतीला साजेसा निवडला. आपल्याकडे उलटं होतं, पदार्थ असे निवडतात की जे तव्यावरून थेट पानात यायला हवेत आणि पद्धत लावतात गोठवायची. दुसरं उदाहरण आपल्या माटुंग्याचं. तिथे कॅफे मद्रास १९४० पासून आहे, रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून. मुंबईभर जी उडपी हॉटेलं पसरली ती बरीचशी अशी, की गावाकडून टेबल पुसायला आलेला मुलगा हळूहळू आत किचनमध्ये गेला, काम शिकला आणि पुढे गाववाल्यांच्या, नातेवाइकांच्या आधाराने स्वतःचं हॉटेल टाकलं. नाव वेगळं, मालक वेगळा, पण पीठ आंबलं की नाही हे हात घालून ओळखणारा माणूस प्रत्येक ठिकाणी गल्ल्याजवळ होताच. पसरलं ते पण, आणि भरपूर पसरलं, फक्त माणूस आधी तयार झाला आणि मग दुकान.

करायचं काय म्हणता, तर पहिली गोष्ट, दोन घास खाऊन जर कळलं की काहीतरी बिघडलंय तर तिथेच थांबा आणि मॅनेजरला बोलवा. आपल्याकडे होतं असं की आपण अख्खी प्लेट संपवतो, बिल भरतो, कसं होतं विचारलं की छान म्हणतो आणि मग घरी येऊन चार ग्रुपवर लिहितो. विशेषतः घरचा कार्यक्रम असला की बोलायला नको वाटतं, मोठ्यांसमोर कशाला वाद, हे मी समजू शकते. पण वाद घालायचाच नाही. नुसतं सांगायचं, रस्सा गरम नाही आणि मटकी फुटली आहे, हे परत घ्या आणि दुसरं द्या. नेमकं सांगितलं की मॅनेजरला काहीतरी करता येतं, बेकार आहे म्हटलं की तो सॉरी मॅम म्हणून निघून जातो. वाढणाऱ्या मुलावर मात्र चिडू नका, तो तुमच्याशी खरं बोलला, आणि तेवढं खरं बोलल्याबद्दल त्याला ओरडा पडू शकतो. नंतर लिहायचंच असेल तर कंपनीच्या ईमेलवर शाखा, तारीख, वेळ आणि काय बिघडलं होतं एवढं लिहा.

दुसरं, अशा ठिकाणी काय मागवायचं ते थोडं बघून. काही मराठी पदार्थ राहून पण चांगले लागतात. अळूवडी, कोथिंबीर वडी वाफवून ठेवलेली असते आणि मागणीनुसार कापून तळतात, ती घरी पण आपण फ्रीजमध्ये ठेवतोच की. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी पण चांगली, काहींना तर दुसऱ्या दिवशीचीच आवडते. वरण-भात, मसालेभात बऱ्यापैकी निभावतात. पण साबुदाणा खिचडी गार झाली की साबुदाण्यातला स्टार्च घट्ट होतो आणि पुन्हा गरम केल्यावर एकतर रबर नाहीतर गोळा, ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरल्यावर अर्ध्या तासात कडक व्हायला लागते कारण तिला गव्हासारखा चिकटपणा नाही, पिठलं थिजतं, सोलकढी नारळाच्या ताज्या दुधाची नसली की पहिल्या घोटातच कळते. तर ऑर्डर देताना सरळ विचारा, थालीपीठ इथे थापता का? उत्तर यायला वेळ लागला की समजून घ्या.

माझी एक इच्छा आहे ती पण इथे लिहून टाकते. दहा किंवा त्यापेक्षा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेन्यूवर पदार्थापुढे कॅलरी लिहाव्या लागतात, तसा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नियम आहे. तसंच पदार्थ इथे रांधलाय की बाहेरून तयार येऊन गरम केलाय हे पण लिहा ना, एक छोटी खूण करा नावापुढे. लोक तरीही घेतील, हायवेवर भूक लागलेली असते, पण माहीत असून घेतील. सासऱ्यांना मात्र एकदा त्या जुन्या पहिल्या दुकानात घेऊन जा, अजून चालू असेल आणि आत कोणी थापणारं असेल तर. अशी पहिली शाखा पुष्कळदा शेवटपर्यंत चांगली राहते कारण मालक घराजवळ म्हणून सकाळी तिथेच बसतो.

प्रश्न : बेचव जेवण झालं त्याचं दुःख आहेच, वर बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. आम्ही काढा म्हटलं तर म्हणे सर सिस्टिममध्ये आपोआप येतो. हे बरोबर आहे का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : नाही, बरोबर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही आणि दुसऱ्या नावाने पण लावायचा नाही. हॉटेलांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने या सूचना योग्य ठरवल्या. द्यायचा की नाही हे गिऱ्हाईकाने ठरवायचं. त्यामुळे सिस्टिममध्ये येतो हे कारण चालत नाही, सिस्टिम त्यांचीच आहे ना, बदला म्हणावं. बिल भरायच्या आधी शांतपणे सांगा की हा काढून नवीन बिल द्या. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे बिलाच्या फोटोसकट तक्रार नोंदवता येते. जीएसटी मात्र द्यावाच लागेल, साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के असतो, तो सरकारचा कर आहे आणि सर्व्हिस चार्ज हा हॉटेलवाल्याचा, या दोन ओळींत गल्लत करू नका. आणि बिलावर हॉटेलचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर छापलेला हवा, तो पण बघायची सवय लावा, पुढे जेवणाबद्दल तक्रार करायची वेळ आली तर तोच लागतो. वाढणाऱ्या मुलाने चांगलं वाढलं असेल तर त्याला हातात काय द्यायचं ते जरूर द्या, ती वेगळी गोष्ट आहे.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे, नोकरी सोडून एका मराठी पदार्थांच्या चेनची फ्रँचायजी घ्यायचा विचार आहे. बाबा यावर्षी रिटायर झाले, त्यांच्या फंडातले पैसे घालायचे आहेत. कंपनी सांगते की अठरा महिन्यांत पैसे परत येतात, रेसिपीचं टेन्शन नाही, सगळं तयार येतं. पण वरच्यासारखे अनुभव ऐकून भीती वाटते. घ्यावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दादा, सगळं तयार येतं हे कंपनी तुला फायदा म्हणून सांगते आहे, पण तू ते नीट उलटं करून बघ. तयार माल तुला त्यांच्याकडूनच घ्यायचा, त्यांच्याच भावाने. म्हणजे कंपनीला रॉयल्टी (नाव वापरल्याबद्दल धंद्यातला ठरलेला हिस्सा) मिळते आणि पिशव्या विकून त्यावर पण मिळते. तुझं दुकान तोट्यात असलं तरी पिशव्या जातच राहतात. कंपनीचं आणि तुझं हित एकाच ठिकाणी आहे असं समजू नकोस, काही कंपन्या खरंच सांभाळून घेतात पण ते करारातून कळतं, ऑफिसातल्या चहातून नाही.

एक हिशेब मांडून दाखवते, आकडे नमुन्याचे आहेत, तू तुझे घाल. समजा महिन्याला ६ लाखांचा धंदा झाला. माल ३५ टक्के धर, २,१०,०००. भाडं ९०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १६,२००. आठ माणसांचे पगार १५ हजारांनी १,२०,०००. वीज गॅस वगैरे ४५,०००. रॉयल्टी ६ टक्के, ३६,००० आणि त्यावर जीएसटी ६,४८०. आता निम्मा धंदा मोबाइलवरच्या ऑर्डरचा असेल, तर ३ लाखांवर २५ टक्के कमिशन म्हणजे ७५,०००. सगळं मिळून ५,९८,६८०. उरले १,३२०. आणि यात कमिशनवरचा जीएसटी अजून धरलेलाच नाही, तो १३,५०० धरला की सरळ तोटा. तुझा स्वतःचा पगार, कर्जाचा हप्ता, मिक्सर बिघडला, एसीवाला आला, हे तर लांबच. तू म्हणशील जीएसटीचं काय, क्रेडिट मिळेल, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी आपल्या करातून वळता होईल. ५ टक्केवाल्या रेस्टॉरंटला ते क्रेडिट मिळत नाही, नोव्हेंबर २०१७ पासून तसंच आहे, त्यामुळे भाड्यावर आणि रॉयल्टीवर भरलेला १८ टक्के तुझ्या खिशातूनच जातो. हे कंपनीच्या कागदावर छोट्या अक्षरात असतं किंवा नसतंच.

मी नाही म्हणत नाही घ्यायला. पण आधी हे कर. कंपनीने दिलेल्या यादीतले फ्रँचायजीवाले सोड, तू स्वतः जाऊन दुसऱ्या गावातले शोध, आणि जे बंद झाले ते तर नक्की शोध, त्यांच्याशी एकट्याने बस. नाशिक हे मिसळीचं गाव आहे, तिथे काळ्या रश्शाची मिसळ मळ्यात झाडाखाली बसून खायला लोक गाडी काढून शहराबाहेर जातात, अशा गावात पिशवीतला रस्सा किती चालेल याचा विचार तू माझ्यापेक्षा चांगला करशील. त्यांच्या एखाद्या चालू शाखेत मंगळवारी दुपारी तीन ते सहा नुसता बसून रहा आणि किती टेबलं भरतात ते मोज, रविवार सकाळ बघून निर्णय घेऊ नकोस. करारात बघ की मालाचे भाव वाढवायचे असतील तर काय ठरलंय, तुझ्यापासून किती अंतरावर ते दुसरी शाखा काढू शकतात, आणि दुकान सोडायचं झालं तर जागेचा करार कोणाच्या नावावर आहे. आपल्याकडे फ्रँचायजीसाठी वेगळा असा कायदा नाही, १८७२ चा करार कायदा वगैरे लागू होतात, म्हणजे जे सही केलंस तेच तुझं नशीब. वकिलाला दाखव, त्याला पैसे देताना हात आखडता घेऊ नकोस. बिघडलेला माल परत घ्यायची अट आहे का तेवढं तर विचारच, आणि नसेल तर माझ्या मते नाहीच घ्यावी.

आणि बाबांच्या फंडातले सगळे घालू नकोस रे. त्यांनी आयुष्यभर साठवलेत ते, पुढच्या आजारपणाचे पण त्यातच आहेत. त्याऐवजी एखाद्या चालत्या हॉटेलात सहा महिने नोकरी कर, भांडी घासण्यापासून गल्ल्यापर्यंत, पगार कमी मिळेल पण सकाळी पाचला कट लावायला उठायचं तुला जमतं की नाही हे तरी कळेल. जमलं तर कदाचित तुला दुसऱ्याचं नाव विकत घ्यावंसं वाटणारच नाही.

प्रश्न : मी एका चेनच्या शाखेत शिफ्ट मॅनेजर आहे. लोक रोज चवीवरून बोलतात, ऐकून घेतो. माल वरून येतो, रेसिपी बदलायची परवानगी नाही. मला मनापासून वाटतं की लोकांनी चांगलं खावं. आमच्यासारख्यांनी काय करावं? (नाव-गाव न छापण्याची विनंती)

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. वरच्या पत्रातल्या ताईंचा तो पंचाहत्तरीचा दिवस खराब झाला कारण त्या शाखेत तुमच्यासारखं वाटणारं कोणी नव्हतं किंवा होतं पण गप्प होतं. रेसिपी तुमच्या हातात नाही हे मान्य, पण बरंच काही आहे.

बेन मरीत एकदम चार पिशव्या ओतू नका, एक संपत आली की दुसरी. गर्दीची वेळ सोडली तर हे सहज जमतं, आणि त्याने मटकी वाचते. थर्मामीटर असतोच किचनमध्ये, नसेल तर मागा, आणि दर तासाला रस्सा ६० च्या वर आहे ना बघा, खाली असेल तर गॅसवर उकळी आणूनच परत ठेवा. फरसाण, कांदा, लिंबू वेगळ्या वाटीत द्या, यात एक पैसा जास्त लागत नाही आणि अर्ध्या तक्रारी कमी होतील, माझा अनुभव आहे हा. पाव ताजे ठेवणं तुमच्या हातात असेल तर सकाळी आणि दुपारी दोनदा घ्या. थालीपीठ गोठलेलं थेट कडक तापलेल्या तव्यावर टाकू नका, आधी झाकण ठेवून मंद आचेवर आतली ओल जाऊ द्या, मग झाकण काढून तेल सोडून कड कुरकुरीत करा, दोन मिनिटं जास्त जातील पण मध्ये कच्चं राहणार नाही. तळणीच्या तेलाचं बघा, एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, कंपनीने मोजायचं यंत्र दिलं असेल तर ते रोज वापरा, नुसतं कपाटात ठेवू नका.

शिफ्ट सुरू होताना सगळा स्टाफ उभा करून प्रत्येक पदार्थाचा एकेक चमचा चाखायला लावा, वाढणाऱ्या मुलांना पण. हे मी नवीन सांगत नाहीये, चांगल्या हॉटेलात हे रोज होतं. मुलांना कळलं पाहिजे की आज आपण काय वाढतोय, मग गिऱ्हाईकाने विचारलं की ती खरं सांगू शकतात, आज खिचडी नको घेऊ काका, वडी छान आहे. असा सल्ला देणाऱ्या हॉटेलात माणूस परत येतो.

आणि बिघडलेली पिशवी आली तर ती फेकायची परवानगी नसेल, पण बाजूला ठेवता येते. पिशवीवरचा बॅच नंबर आणि तारीख, फोटो, किती वाजता उघडली, वास कसा होता, गिऱ्हाईक काय म्हणालं, एवढं लिहून वरच्यांना ईमेल करा. फोनवर सांगू नका आणि ग्रुपवर टाकून विसरू नका. ईमेल राहतो, तारखेसकट राहतो, आणि दोन-तीन शाखांनी एकाच बॅचबद्दल लिहिलं की सेंट्रल किचनला उत्तर द्यावं लागतं. बाकीच्या शाखांमधले शिफ्ट मॅनेजर तुमच्या ओळखीचे असतीलच, त्यांना पण हे करायला सांगा.